गाळलेलं पद

५ नोव्हेंबर, मंगळवार

दुपारी धुळ्याहून फोन आला. नंबर ओळखीचा नव्हता, म्हणून मी दोनदा कापला. रिटायर माणसाला हल्ली क्रेडिट कार्डवाल्यांशिवाय कोणी फोन करत नाही. तिसऱ्यांदा बायकोनं, वच्छलानं, उचलला आणि माझ्या हातात दिला.

"सर, मी संघमित्रा बागुल. चिंधा बागुलांची मुलगी."

मी खुर्चीत नीट बसलो. चिंध्याच्या घरातून अकरा वर्षांत आलेला हा पहिला आवाज. हीच पोर लहानपणी मला बन्सीकाका म्हणायची आणि माझ्या खिशातले खडू पळवायची. आता सरकारी दवाखान्यात औषधनिर्माती आहे. नोकरीत माणसाला सर म्हणायची सवय लागते.

तिनं सांगितलं ते असं. दीड महिन्यापूर्वी चिंध्याला पक्षाघाताचा झटका आला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. ऐकू येतं, कळतं सगळं, पण तोंडातून शब्द फुटत नाही. डॉक्टर म्हणतात, त्यांच्या जिव्हाळ्याच्या विषयावर कोणीतरी समोर बसून बोलत राहावं, त्यानं फरक पडतो. "बाबा डाव्या हाताच्या बोटानं चादरीवर सारखं एकच काढत असतात. इंग्रजी सहाचा आकडा उलटा काढावा तसं. मला काही कळत नाही. त्यांचे दुसरे मित्र गणितवाले नाहीत, म्हणून तुम्हाला फोन केला."

"सहा नाही तो. डेल आहे," मी म्हणालो.

डेल म्हणजे आंशिक विकलनाची खूण. उत्तर चार गोष्टींवर अवलंबून असेल तर एकच हलवायची, बाकीच्या तिघींना जागेवर धरून ठेवायचं, आणि उत्तर किती हलतं ते बघायचं. आम्ही दोघांनी तीस-तीस वर्षं तेच शिकवलं. त्यानं धुळ्यात, मी जळगावात. चादरीवर डेल काढतोय म्हणजे तो मलाच हाक मारतोय, दुसऱ्या कोणाला मारणार?

आमचं बोलणं बंद झालं ते एका गणितावरून. दोघंही हट्टी. त्याच्या बायकोला कोरोनानं नेलं तेव्हाही मी गेलो नाही. हे लिहिताना लाज वाटते, पण डायरीत खोटं लिहून काय मिळणार!

वच्छलाला म्हटलं, गुरुवारी जातो. ती अमळनेरकडची, घरात अजून अहिराणीच बोलते. म्हणाली, "जाच. तुम्हले अकरा वरीस लागनात मोटारमा बसाले."

७ नोव्हेंबर, गुरुवार

सकाळच्या एसटीनं निघालो. एरंडोल, पारोळा करत धुळ्याला पोचेपर्यंत तीन तास गेले. वच्छलानं भरीत आणि कळण्याच्या भाकरी बांधून दिल्या होत्या, पिशवीचा सगळ्या गाडीनं वास घेतला.

देवपुरातलं घर तेच. पुढच्या खोलीत तो ट्यूशन घ्यायचा तो मोठा काळा फळा तसाच. त्याच खोलीत आता त्याची खाट लावली आहे.

चिंध्या एवढासा झालाय. तोंड एका बाजूला ओढलेलं. डोळे मात्र जुनेच, समोरच्याचं उत्तर चुकणार हे आधीच ठाऊक असल्यासारखे. मला बघितलं आणि बघतच राहिला. मला वाटलं, रडेल. नाही रडला. मीच धोतराच्या पिढीतल्या म्हाताऱ्यासारखा नाक ओढत बसलो.

मग मी बोलत सुटलो. वांग्यांचा भाव, माझा गुडघा, जळगावातले रस्ते, कॉलेजात गणिताला आता पोरंच येत नाहीत. तो छताकडे बघत होता. तासाभरानं मला जाणवलं की आमच्या दोघांत नेहमी तोच बोलायचा, मी ऐकायचो. मला बोलायची सवयच नव्हती त्याच्यापुढं.

निघताना संघमित्रा म्हणाली, "सर, पुढच्या वेळी गणिताचं काही बोलाल का?"

येताना गाडीत ठरवलं, दर गुरुवारी यायचं. मला त्याच्या तोंडून एक शब्द ऐकायचाय. शिवी दिली तरी चालेल, पण आवाज त्याचा पाहिजे.

८ नोव्हेंबर

सकाळपासून पुण्याची खोली आठवते. एम.एस्सी.ला आम्ही एका खोलीत होतो. मी वर्गात मागं बसून नुसतं उतरवून घ्यायचो. साखळी नियम, म्हणजे आम्ही म्हणायचो तो चेन रूल, मला काही केल्या उमगेना. z ही x आणि y वर अवलंबून, आणि x, y दोन्ही t वर अवलंबून. मग t हलला तर z किती हलते? मी दर वेळी x कडून गणित सुरू करायचो, उत्तर आलं की खूश, y कडं बघायचोच नाही.

चिंध्याचे वडील पांझरेच्या फडावर पाणी सोडायच्या कामाला होते. फड म्हणजे सगळ्या गावानं एका पाटावर भिजवायचं रान. चिंध्यानं खोलीतल्या फरशीवर खडूनं वावर काढलं, त्याला पाणी आणणाऱ्या दोन चाऱ्या काढल्या, आणि मला म्हणाला, "बन्स्या, दोन चारीसमाईन पानी येस. एक मोजशी नि दुसरी सोडी देशी, तर वावरमा पानी किती उनं हाई तुले कसं समजई?"

त्या दिवशी मला साखळी नियम कळला. पुढं तीस वर्षं मी वर्गात तेच वावर काढलं, आणि एकाही पोराला सांगितलं नाही की हे माझं नाही.

त्याच्याशिवाय इतकी वर्षं कशी काढली कोण जाणे. रोज काहीतरी घडायचं आणि वाटायचं, हे चिंध्याला सांगितलं पाहिजे. मग आठवायचं.

१४ नोव्हेंबर, गुरुवार

आज युक्ती केली. चिंध्याला फळ्यावरची चूक सहन होत नाही. परीक्षेला सुपरव्हिजन करताना पोराच्या पेपरात चूक दिसली की हा खोलीबाहेर जाऊन येरझाऱ्या घालायचा. म्हटलं, मुद्दाम चुकीचं गणित मांडायचं, हा उसळलाच पाहिजे.

जी चूक सगळ्यात ढोबळ, तीच घेतली. फळ्यावर लिहिलं:

z = x² + y²,  x = eᵗ,  y = sin t

आणि t शून्य असताना z चा बदल काढायला फक्त x चा रस्ता धरला. y चं पद गाळलं. उत्तर दोन. उत्तर बरोबरच येतं, कारण तिथं y शून्य असल्यामुळं गाळलेलं पदही शून्यच येतं. म्हणजे रीत चूक आणि उत्तर खरं, असलं पाजी गणित. मी वळून बघितलं.

चिंध्यानं फळ्याकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, आणि भिंतीकडं तोंड केलं. मग मी असेपर्यंत वळलाच नाही.

थकला असेल. संघमित्रानं फळा पुसला, एकदा नाही, ओल्या फडक्यानं दोनदा.

२० नोव्हेंबर, बुधवार

मतदान. रांगेत हितेंद्र महाजन भेटला, माझ्याच कॉलेजात शिकवायचा; वच्छला शेजारच्या बायकांच्या रांगेत उभी. चिंध्याच्या आजारपणाचं सांगितलं, तर तो एकदम खुलला. "अरे, त्या पेपर तपासणीच्या वेळी तुमचं काय जुंपलं होतं!"

मी त्याला पुन्हा सगळं नीट सांगितलं, कारण लोक अर्धवट लक्षात ठेवतात. विद्यापीठाचे पेपर आम्ही सगळे जळगावला एका हॉलमध्ये बसून तपासायचो. तपासणारा लाल शाईनं मार्क देतो, त्याच्यावरचा मॉडरेटर हिरव्या शाईनं फिरवून बघतो. चिंध्याकडं लाल पेन, माझ्याकडं हिरवं. एका पोरानं साखळी नियमाच्या गणितात एक पद लिहिलंच नाही. ते पद शून्य होतं, म्हणून उत्तर बरोबर आलं. चारपैकी चिंध्यानं एक मार्क दिला. माझं म्हणणं, उत्तर बरोबर आहे, चारही दे. तो म्हणाला, पद शून्य आहे हे लिहून दाखवू दे, लिहिलं नाही म्हणजे त्याला तो रस्ता ठाऊकच नाही. मी हिरव्या पेननं एकाचे चार केले. तो उठला आणि निघून गेला. तत्त्वाचा वाद, बाकी काही नाही.

हितेंद्र हसत म्हणाला, "ते सोड रे. तू जे हाणलं होतंस त्याला, ते! सगळा हॉल हसला होता. मी अजून सांगतो लोकांना."

मला नीट आठवत नाही, असं मी त्याला म्हणालो.

रांग पुढं सरकली. घरी येताना वच्छलानं विचारलं, "काय बोलना व्हतात तुम्ही?" मी म्हटलं, अकरा वर्षं झाली, कोणाला आठवतं! तिनं पुढं विचारलं नाही, म्हणजे तिला पटलं नाही.

२१ नोव्हेंबर, गुरुवार

आज आनंद झाला, तो आधी लिहितो. फळ्यावर दुसरं उदाहरण घेतलं होतं, आणि cos चं विकलन करताना माझं उणे चिन्ह खरोखरच राहिलं. मुद्दाम नव्हे, वयानं. मागून खाटेच्या लोखंडी दांडीवर टण टण आवाज आला. चिंध्या डाव्या हातानं दांडी बडवत होता! डोळे वटारलेले. मी उणे चिन्ह घातलं तेव्हा थांबला. मी तिथल्या तिथं नाचायचा बाकी राहिलो. माझा चिंध्या आत आहे, शाबूत आहे, उणे चिन्हासकट!

मग मी हावरटपणा केला. परत ते मागच्या वेळचं गणित लिहिलं, y चं पद गाळून. वाटलं, आता तर नक्की बडवेल.

त्यानं परत भिंतीकडं तोंड केलं.

उणे चिन्ह दिसतं आणि अख्खं पद गाळलेलं दिसत नाही? मी संघमित्राला तसं म्हटलंही. ती दारात औषधाची वाटी घेऊन उभी होती. म्हणाली, "सर, तेवढं एक गणित सोडून दुसरं काही घ्या ना."

मी म्हटलं, बरं. तिच्या आवाजात काहीतरी होतं, पण मी विचारलं नाही.

२८ नोव्हेंबर, गुरुवार

गेलो नाही. सर्दी.

२९ नोव्हेंबर

सर्दी नव्हती. वच्छलाला ते ठाऊक होतं. सकाळी वांगी भाजता भाजता म्हणाली, "दोस्त तठे खाटवर पडेल शे, नि तुम्ही आठे नाक पुसतस."

मी तिला सगळं सांगायला बसलो. लाल पेन, हिरवं पेन, गाळलेलं पद, एकाचे चार. ती वांग्यांची साल काढत ऐकत होती. माझं संपलं तेव्हा म्हणाली, "बठ्ठं सांगतस तुम्ही. नि नेमकं तेच सोडी देतस."

"काय सोडलं?"

"माले काय इचारतस? मी नव्हती तठे. पन त्या मानूसनी गनितवरथून दोस्ती तोडी नसती. त्याना सभाव माले ठाऊक शे."

मला राग आला. बायकांना गणितातलं काय कळतं, असं मी म्हणणार होतो. म्हटलं नाही, कारण ती बोलली त्यात गणित कुठं होतं!

माणूस भांडणाच्या भरात काहीबाही बोलतो. मीही बोललो असेन. टोमणा मारला असेन असा काहीतरी. गमतीत.

५ डिसेंबर, गुरुवार

गेलो. धुळ्याच्या स्टँडवर पांढऱ्या कपड्यातली माणसं, बायका, कडेवर पोरं, उद्याच्या सहा डिसेंबरसाठी मुंबईच्या गाड्यांना उभी. चिंध्या दर वर्षी जायचा. एका वर्षी मला म्हणाला होता, चल एकदा, गर्दी कशी असते ती बघ. मी म्हटलं होतं, मला गर्दी झेपत नाही.

त्याला गोळीनं झोप लागली होती. संघमित्रानं मला स्वयंपाकघरात बसवून चहा दिला. ती स्वतः उभीच राहिली.

"सर, एक सांगू? तुम्ही फळ्यावर जे लिहिता ना, ते बाबांनी मला तुमचं भांडण झालं त्याच दिवशी दाखवलं होतं. मी बारावीला होते. जळगावहून आले, हातपाय न धुता फळ्यापुढं उभे राहिले. ते गणित पूर्ण लिहिलं, ते शून्याचं पदसुद्धा. पुसलं. परत लिहिलं. चार-पाच वेळा. मग मला विचारलं, मित्रा, हे पद लिहायला पाहिजे की नको? मी म्हटलं, मला काय माहीत बाबा, मी बायोलॉजीवाली."

मी कपाकडं बघत होतो.

"काय झालं ते त्यांनी घरात कधीच सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी कॉलेजात सगळ्यांना माहीत होतं, तिसऱ्या दिवशी माझ्या क्लासमध्ये. एका मुलानं मला तेच वाक्य म्हणून दाखवलं. वर्गात हसले सगळे. मी पहिली येत होते तेव्हा."

मी म्हटलं, "मित्रा, मी ते गमतीत..."

"संघमित्रा म्हणा सर." तिनं माझा कप उचलला. अजून अर्धा चहा होता त्यात. "मी तुम्हाला बोलावलं ते बाबांसाठी. ते कोणाच्या तरी वाटेकडं डोळे लावून असतात, आणि तुम्ही आलात की त्यांचा हात हलतो. म्हणून. माझ्यासाठी नाही बोलावलं."

चिंध्या उठायच्या आत मी निघालो. एसटीत खिडकीपाशी बसूनसुद्धा मला पारोळा कधी गेलं ते कळलं नाही.

७ डिसेंबर, शनिवार

काल दिवसभर वही उघडून बसलो आणि मिटली. आज लिहितो.

मला सगळं आठवतं. हितेंद्रला आठवतं तसंच, शब्दन्‌शब्द. मी हिरवं पेन हातात धरून, सगळ्या हॉलला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणालो होतो, "तू स्वतः सवलतीवर पास होत आलास, आणि दुसऱ्याला तीन मार्क देताना एवढा कसला रे कडकपणा?"

हॉल हसला. मीही हसलो. चिंध्यानं पेनाला टोपण लावलं, खिशाला अडकवलं, आणि चालत बाहेर गेला. त्यानंतर तो कधी तपासणीला आला नाही. मी आतापर्यंत ज्याला ज्याला हे सांगितलं, त्याला हिरव्या पेनापर्यंत सांगितलं आणि तिथून थेट त्याच्या उठण्यावर आलो. मधलं एवढंच गाळलं. आणि दर वेळी गोष्ट बरोबर जमायची, कोणाला काही कमी वाटायचं नाही. मलासुद्धा नाही.

आता खरं काय ते. एम.एस्सी.ला चिंध्या वर्गात पहिला आला. मी सेकंड क्लास, तोही त्याच्या वह्यांवर. त्याला कॉलेजात घेताना तीन मुलाखती झाल्या. मला घेताना आमच्या आबांनी संस्थेच्या चेअरमनला घरी जेवायला बोलावलं, मांडे केले होते. सोमवारी मी रुजू झालो. या रस्त्यानं मी वर आलो आणि हा रस्ता मी कुठंच कधी लिहिला नाही, मनातसुद्धा नाही. दुसऱ्याचा मात्र हॉलमध्ये वाचून दाखवला, आणि तोही खोटा.

साठीत अक्कल आली म्हणायची तर मी पासष्ट पार केलीय. मला चिंध्या पाहिजे. तो मला परत पाहिजे हे खरं, पण इतके गुरुवार मी तिथं माझं हवं ते मागायला जात होतो. त्याला काय पाहिजे असेल, याचा विचार मी केला नाही.

वच्छलाला वाचून दाखवलं. तिचे हात पिठात होते. हातातली भाकरी तिनं तव्यावर टाकली. मग म्हणाली, "आते हाई तठे जाईसन सांगा. आठे माले सांगीसन काय फायदा?"

१२ डिसेंबर, गुरुवार

गाडीत पाठ करत गेलो, शाळेतल्या पोरानं कविता पाठ करावी तसं. पोचल्यावर सगळं विसरलो.

चिंध्या उशीला टेकून बसला होता, संघमित्रा त्याची बोटं एकेक करून उघडत होती. मी तिला म्हटलं, तू पण थांब. ती थांबली.

मी फळ्यावर ते गणित लिहिलं. या वेळी दोन्ही रस्ते लिहिले:

dz/dt = ∂z/∂x · dx/dt + ∂z/∂y · dy/dt

शेवटचं पद शून्य आलं, तेही लिहिलं, त्याच्यापुढं बरोबरचं चिन्ह आणि मोठा गोल. चिंध्या बघत होता. भिंतीकडं वळला नाही. मी नवा खडू घेतला, कारण पुढचं अजून राहिलं होतं.

गणिताच्या खाली मी ते वाक्य लिहिलं. पूर्ण. "तू स्वतः सवलतीवर" पासून "कडकपणा" पर्यंत, मोठ्या अक्षरात. त्याखाली माझं नाव लिहिलं, बन्सी पाटील. वळलो आणि म्हणालो, "चिंध्या, हाई मी बोलनू व्हतू. गनितना वाद नव्हता हाऊ. मी बोलनू, लोके हासनात, नि मी बी हासनू. अकरा वरीस मी हाई सोडीसन बाकीनं बठ्ठं सांगत ऊनू. तू पहिला व्हतास. माले तू शिकाडं. मी खोटं बोलनू."

एवढंच आलं. माफ कर म्हणायचं होतं, ते राहिलं. नंतर वाटलं, बरं झालं. ते म्हटलं असतं तर परत मी त्याच्याकडं मागायलाच गेलो असतो.

त्याच्या डोळ्यांतून पाणी आलं. एका डोळ्यातून, डाव्या. उजवा तसाच कोरडा होता. संघमित्रा खिडकीबाहेर बघत होती.

मला ते वाक्य तिथं फळ्यावर बघवेना. मोठ्या अक्षरात, माझ्या नावासकट, आणि संध्याकाळी शेजारीपाजारी येतात, डॉक्टर येतो. मी फडकं घेतलं. खाट फळ्याला लागूनच आहे. माझा हात फळ्यावर पोचायच्या आत चिंध्यानं डाव्या हातानं माझं मनगट धरलं. इतकी ताकद त्या हातात असेल असं वाटलं नव्हतं. मी म्हटलं, "अरे, पुसतो फक्त." त्यानं सोडलं नाही. मी फडकं खाली ठेवलं, तेव्हा सोडलं.

तसंच ठेवून आलो. रस्ताभर मला कोणीतरी ते वाचत असल्याचं दिसत होतं. वच्छलाला सांगितलं. ती म्हणाली, "मंग वाचू द्या."

१५ डिसेंबर, रविवार

जाऊ का नको हे चालू आहे. तिथं फळ्यासमोर परत उभं राहायचं नको वाटतं. आणि गेलो नाही तर गुरुवार जाणार कसा, हेही कळत नाही.

१९ डिसेंबर, गुरुवार

गेलो.

दार संघमित्रानं उघडलं. "या सर," म्हणाली. सरच म्हणाली. आत पाऊल टाकायच्या आधी मी विचारलं, "पुसलं का?"

"नाही. बाबा पुसू देत नाहीत. परवा कामाला येणाऱ्या मावशींनी फडकं उचललं तर दांडी बडवायला लागले. डॉक्टरांनी वाचलं. शेजारच्या काकूंनी वाचलं, मला विचारलं, हे पाटील सर कोण? मी सांगितलं, बाबांचे मित्र आहेत, गुरुवारी येतात."

मित्र. हा शब्द तिनं काय विचार करून वापरला ते मला माहीत नाही, आणि विचारायची माझी हिंमत नाही.

आत फळा तसाच होता. खडू थोडा विटलेला, पण अक्षर न् अक्षर वाचता येत होतं. चिंध्या बसला होता, दाढी केलेली, नवा स्वेटर. मी दारापाशीच उभा राहिलो. भरिताची पिशवी हातात, खाली कुठं ठेवावी ते सुचेना. खोलीत एकच खुर्ची, आणि ती आता खाटेच्या या बाजूला आणून ठेवलेली, बरोबर फळ्यासमोर. बसलं की दुसरीकडं कुठं बघताच येऊ नये अशी.

मला वाटलं, पिशवी संघमित्राकडं द्यावी आणि काहीतरी काम सांगून निघावं. एक वाजताची गाडी मिळाली असती. मी तोंड उघडलंसुद्धा.

चिंध्याचे ओठ हलत होते. आधी नुसताच घशातून आवाज आला, मोटार चालू होताना येतो तसा. संघमित्राच्या हातातला पेला तिथंच थांबला. त्यानं डोळे मिटले, कपाळाला आठ्या घातल्या, अवघड गणिताला घालायचा तशाच. परत एकदा आवाज आला. मग त्यानं डोळे उघडून माझ्याकडं बघितलं, डावा हात खुर्चीकडं केला आणि म्हणाला,

"बठ."

जाडसर, ओबडधोबड, अर्धा चावलेला शब्द. पण आवाज त्याचा. संघमित्रा पेला तसाच धरून रडायला लागली. मला रडू आलं नाही, की आलं, आठवत नाही. मी पिशवी जमिनीवर ठेवली, खुर्चीत बसलो, आणि समोर जे लिहिलं होतं त्याच्याकडं बघत राहिलो. चिंध्याही तेच बघत होता. दोन तास आम्ही तसेच बसलो होतो.